‘अजून एकच डाव’ : पैसे न लावता खेळायच्या पत्त्यांची ओढ

आरोग्य बैठकीत मोबाईलचा विषय निघाला की पूर्वी तक्रार एकच असायची, पोरगं दिवसभर गोळीबाराचा खेळ खेळतं. अलीकडे काही आया वेगळेच सांगू लागल्या आहेत. “सिस्टर, हा पत्ते खेळतो. एकटाच. समोर कुणी नाही. पैसे लावत नाही म्हणतो, आणि खरंच लावत नाही, मी खातं बघितलं. मग रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कशाला जागतो?”

प्रश्न नेमका आहे. जुगार म्हणजे काय हे आपल्या वस्त्यांना शिकवावे लागत नाही. मटक्याची चिठ्ठी, बोळातली तीन पत्ती आणि आता मोबाईलवरची रमी यांनी किती घरांचे पगार गिळले ते वाचकांना ठाऊक आहे. तिथली ओढ पैशाची असते असे आपण धरून चालतो. मग जिथे एक रुपयाही लावायचा नाही, जिंकले तरी हाती काही पडायचे नाही, तिथे माणूस का अडकतो? आमचे म्हणणे असे की ही ओढ त्या मुलाच्या स्वभावात नसते, खेळाच्या बांधणीत असते. बांधणी कळली की खेळ कुठे थांबवता येतो हेही कळते. म्हणून या वेळी आधी खेळाबद्दलच लिहीत आहोत, औषधपाण्याचे मागाहून.

हे खेळ आहेत तरी कसे?

या खेळांच्या जातीला ‘रोगलाईक’ म्हणतात. बैठकीत हे नाव घेतले तेव्हा एका आजींनी लगेच विचारले, “कोणता रोग गं बाई?” हा आपला रोग नव्हे. इंग्रजीत रोग म्हणजे लबाड, भामटा. त्या नावाचा एक खेळ १९८० च्या सुमारास अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन या दोन विद्यार्थ्यांनी तयार केला. त्यात चित्रे नव्हती. काळ्या पडद्यावर अक्षरे आणि खुणा. त्यातली एक खूण म्हणजे आपण, बाकीची अक्षरे म्हणजे राक्षस. भुयारात उतरत जायचे. खेळाचे वैशिष्ट्य दोन नियमांत होते. भुयार दर वेळी संगणक नव्याने रचायचा, त्यामुळे पाठांतर चालत नसे. आणि मेलात की मेलात. जिथे होतात तिथून पुन्हा सुरुवात नाही, थेट पहिल्या पायरीपासून. पुढे ज्या खेळांनी हे दोन नियम उचलले ते ‘रोगसारखे’, म्हणजे रोगलाईक.

दुसरा धागा खऱ्या पत्त्यांचा आहे. आपल्याकडे पत्त्यांचा कॅट एकच असतो, तो पिसून सगळ्यांना वाटतात. २००८ साली डोनाल्ड व्हॅकारिनो यांचा ‘डॉमिनियन’ नावाचा टेबलावर खेळायचा खेळ आला, त्यात प्रत्येकाचा कॅट वेगळा. सुरुवातीला सगळ्यांकडे तेच दहा साधे पत्ते. मग आपल्या पाळीला नवा पत्ता विकत घ्यायचा आणि आपल्याच कॅटमध्ये घालायचा. खेळता खेळता कॅट बांधत जायचा, म्हणून या प्रकाराला ‘डेक-बिल्डिंग’ हे नाव पडले.

हे दोन धागे एकत्र विणून ज्या खेळाने जगभर नाव काढले तो ‘स्ले द स्पायर’. अमेरिकेतल्या सिअॅटल शहरातल्या मेगा क्रिट या छोट्या कंपनीने तो २०१७ च्या अखेरीस अर्धवट रूपात आणि जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण करून दिला. एक मनोरा चढायचा. वाटेत लढाया, आणि लढाई म्हणजे हातातले पत्ते टाकणे. लढाई जिंकली की तीन नवे पत्ते समोर येतात, त्यातला एक घ्या. हरलात तर मनोऱ्याच्या पायथ्याशी, पुन्हा त्याच साध्या पत्त्यांनिशी.

आया ज्या पत्त्यांबद्दल बोलत होत्या तो खेळ मात्र ‘बलात्रो’. कॅनडात राहणाऱ्या एका माणसाने तो एकट्याने, हौस म्हणून करायला घेतला. तो आपले खरे नाव सांगत नाही, ‘लोकलथंक’ या टोपणनावाने ओळखला जातो. खेळ २० फेब्रुवारी २०२४ रोजी आला आणि महिनाभराच्या आत त्याच्या दहा लाखांहून जास्त प्रती विकल्या गेल्या. यातले पत्ते आपलेच : इस्पिक, बदाम, किलवर, चौकट. हातात आठ पत्ते, त्यातले जास्तीत जास्त पाच टाकायचे. जोडी, तीन सारखे, सिक्वेन्स, कलर. तीन पत्ती माहीत असलेल्या माणसाला दोन मिनिटांत समजते.

आता खरी गंमत पाहा. प्रत्येक हाताला दोन आकडे मिळतात आणि त्यांचा गुणाकार होतो. राजांची जोडी टाकली तर जोडीचे १० आणि दोन राजांचे दहा-दहा मिळून ३०, आणि जोडीचा गुणक २, म्हणजे ६० गुण. पहिल्या फेरीला ३०० गुण लागतात आणि हात मिळतात चार. नुसत्या जोड्यांनी भागत नाही. पण मध्ये दुकान लागते, तिथे खेळातल्याच खोट्या पैशांनी जोकर घेता येतात. अगदी साधा जोकर गुणकात ४ मिळवतो. तीच राजांची जोडी आता ३० गुणिले ६, म्हणजे १८० देते. असे १५० प्रकारचे जोकर आहेत, एरवी एका वेळी पाचच ठेवता येतात, आणि दुकानात कोणते येतील ते सांगता येत नाही. एक जोकर दुसऱ्याला जोडला की आकडा शेकड्यांतून हजारांत, हजारांतून लाखांत जातो, पडद्यावरच्या आकड्याला ज्वाळा लागतात. आठ टप्पे, प्रत्येकात तीन फेऱ्या, आणि शेवटच्या फेरीला बहुधा एक लाख गुण लागतात. तिथपर्यंत पोचणारा एखादाच. बहुतेक डाव अर्ध्यावर संपतात.

हे इतके सविस्तर लिहिले कारण आम्ही स्वतः खेळ बघितल्याशिवाय यावर बोलायचे नाही असे ठरवले होते. एका मुलाने शेजारी बसवून दाखवला. तो गुणाकार तोंडी करत होता, वहीत न जमणारा.

हातात मावणारे यंत्र

असे खेळ आधी टेबलावरच्या संगणकावर होते. त्यांना खरे घर मिळाले ते हातात धरायच्या खेळयंत्रांत. जपानच्या निन्टेंडो कंपनीचे ‘स्विच’ २०१७ साली आले, अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचे ‘स्टीम डेक’ २०२२ साली. आपल्यातल्या चाळिशीच्या वाचकांना जत्रेत मिळणारा तो ‘९९९९ इन वन’ लिहिलेला ब्रिक गेम आठवेल, तीच ही वंशावळ, पण फार महागडी. या यंत्रांची एक सोय महत्त्वाची आहे : बटण दाबले की पडदा झोपतो आणि खेळ आहे तिथेच थांबतो; पुन्हा दाबले की तिथूनच सुरू. रेल्वेच्या दोन स्टेशनांमध्येही एक फेरी होते. थांबवायला सोपे, तितकेच सुरू करायलाही.

ही यंत्रे आपल्या वस्तीत क्वचित दिसतात. पण तेच खेळ मोबाईलवर आले. स्ले द स्पायर अँड्रॉइडवर २०२१ मध्ये आणि बलात्रो सप्टेंबर २०२४ मध्ये. मग साधा फोन हेच खेळयंत्र झाले. आणि एक गोष्ट अनेक घरांना ठाऊक नाही : हे खेळ चालायला इंटरनेट लागत नाही. ‘डेटा संपला की आपोआप झोपेल’ म्हणून रिचार्ज न मारणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावे.

चिकटायला काय होते?

बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर आणि उंदरांवर प्रयोग केले होते. उंदराने दांडी दाबली की दाणा. दर वेळी दाणा मिळाला तर उंदीर पोट भरले की थांबतो. पण दाणा कधी तिसऱ्या दाबण्याला, कधी पंधराव्या, कधी पाचव्या, असा नेम नसला की उंदीर दाबतच राहतो, आणि दाणा बंद केला तरी बराच वेळ सोडत नाही. जुगाराच्या यंत्राचे मर्म हेच आहे. दुकानात येणारा जोकर, लढाईनंतर उघडणारे तीन पत्ते, हा तोच अनिश्चित दाणा. पुढे १९९० च्या दशकात वोल्फ्राम शुल्त्झ या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूत पाहिले की डोपामिन सोडणाऱ्या पेशी अनपेक्षितपणे मिळालेल्या फळाच्या रसाला जोरात प्रतिसाद देतात. आणि रस मिळणार ही खूण एकदा ओळखीची झाली की रसाआधी त्या खुणेलाच देतात. म्हणजे पत्ता हाती पडण्यापेक्षा तो उलटण्याआधीचा क्षण जास्त गोड. हळदीकुंकवातल्या वाणाची पिशवी उघडण्याआधीची उत्सुकता म्हणा हवे तर, फक्त इथे दर दोन मिनिटांनी पिशवी.

दुसरी गोष्ट म्हणजे थोडक्यात हुकणे. २००९ साली ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी जुगारयंत्रासारख्या खेळावर लोकांना खेळवून त्यांचे मेंदू तपासले. अगदी एका घराने डाव हुकला तेव्हा लोकांना वाईट वाटले, पण पुन्हा खेळायची इच्छा वाढली. जिंकल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात त्यातले काही तेव्हाही जागे झाले. आमचा शेजाऱ्यांशी बोलताना ऐकलेला ‘फक्त चाळीस गुण कमी पडले हो’ हा सूर त्याच जातीचा.

इथे मात्र प्रामाणिकपणे एक फरक सांगितला पाहिजे, कारण तो लपवून मुलांशी बोलायला गेलो तर ती ऐकत नाहीत. जुगारयंत्रातले हुकणे काहीच शिकवत नाही. पुढचा डाव तितकाच आंधळा असतो. बलात्रो किंवा स्ले द स्पायरमध्ये नशीब आहे, पण कौशल्यही खरे आहे. वीस डाव हरलेला माणूस एकविसावा डाव खरोखर चांगला खेळतो. त्यामुळे हे खेळ जुगारापेक्षा कितीतरी बरे आहेत, आणि त्याच कारणाने सोडायला अवघड आहेत. मटक्यात हरलेला नशिबाला शिव्या देऊन उठतो. इथे हरलेला म्हणतो, चूक माझीच, तो जोकर विकायला नको होता, आत्ता लगेच सुधारतो.

आणि डाव हरला तरी रिकामे हात नसतात. स्ले द स्पायरमध्ये हरलेल्या डावाचेही गुण साठतात आणि नवे पत्ते खुले होतात. जिंकलात तर आणखी अवघड पायरी उघडते, अशा वीस पायऱ्या. बलात्रोत जिंकल्यावर ‘अजून पुढे खेळा’ असा अंतहीन रस्ता आहे. सिनेमा संपला की दिवे लागतात. या खेळांत दिवे लावायचे काम खेळणाऱ्यानेच करायचे असते.

‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’ नावाचा एक खेळ आहे, तो पत्त्यांचा नाही पण या कुळातला आहे. त्याचा कर्ता लुका गलान्ते हा इटालियन तरुण आधी जुगाराच्या खेळांच्या धंद्यात कामाला होता. त्याच्या खेळात पेटी उघडली की दिवे फिरतात, संगीत वाजते, बक्षीस हळूहळू वर येते. कसिनोतली सगळी रोषणाई, फक्त पैसा काढून घेतलेला. आम्ही या माणसांना गुन्हेगार म्हणत नाही. त्यांनी कसब लावून चांगली वस्तू केली आहे. पण कोणत्या दुकानातून ही हत्यारे आली आहेत ते पालकाला माहीत असावे.

आणखी एक कारण आहे, आणि आम्हाला तेच सर्वांत मोठे वाटते. नताशा शुल या अभ्यासक बाईंनी लास व्हेगासच्या यंत्रांवर खेळणाऱ्यांचा बरीच वर्षे अभ्यास करून २०१२ साली पुस्तक लिहिले. त्यांना आढळले की बरेच लोक जिंकण्यासाठी खेळतच नव्हते. यंत्रासमोर बसले की कर्ज, नवरा, आजारपण, वेळ सगळे मागे पडते, त्या अवस्थेत राहण्यासाठी खेळत होते. आमच्या माहितीतला एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करतो. दोनदा मैदानी चाचणी पास झाला, दोनदा यादीत नाव आले नाही. त्याला आम्ही विचारले, या पत्त्यांत एवढे काय आहे? तो म्हणाला, “सिस्टर, इथं हरलो तर का हरलो ते कळतं. भरतीत नाही कळत.” या उत्तरावर आम्हाला लगेच काही बोलता आले नाही. खेळात सगळे त्याच पत्त्यांनी सुरुवात करतात, नियम मधेच बदलत नाहीत, आणि निकाल ताबडतोब लागतो. बाहेर यातले काहीच नसेल तर तो आत का जाणार नाही? त्या मुलाचा फोन काढून घेतला म्हणून यादीत नाव येणार नाही. त्याला गुणपत्रिका मागवायला, अर्ज करायला, कुणीतरी सोबत हवे होते.

जुगार की नाही?

हा वाद युरोपातही झाला. तिथे खेळांना वयाचा दर्जा देणाऱ्या ‘पेगी’ या संस्थेने बलात्रोला २०२४ मध्ये १८ वर्षांवरचा ठरवले, कारण त्यात पोकरचे हात आहेत. अपील झाल्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये तोच दर्जा १२ वर्षांवर आणला. खेळाच्या कर्त्याने स्वतः जाहीर केले आहे की आपला खेळ कधीही जुगाराच्या कंपनीला विकायचा नाही असे त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवले आहे. बलात्रो एकदा विकत घेतला की आत पुन्हा पैसे मागत नाही. तेव्हा आईने ‘जुगारी’ म्हणून हाक मारली तर मुलगा चिडतो, त्यात त्याची बाजू खरी आहे.

पण पडद्यावर पत्तेच दिसतात, आणि लांबून बघणाऱ्या आईला हे पत्ते कोणते आणि रमीचे कोणते हे ओळखता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी आणली. चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला शिक्षा आहे, नुसत्या खेळणाऱ्याला नाही. तरीही लिंक पाठवून, ‘पहिले शंभर रुपये आमच्याकडून’ म्हणून बोलावणारे असतात. ओळखायची खूण सोपी आहे : खेळ तुमचा मोबाईल नंबर, यूपीआय किंवा आधार मागतो का? जिंकलेली रक्कम ‘काढून घ्या’ असे बटण आहे का? असेल तर तो या लेखातला खेळ नाही. पैसे गेलेच असतील तर लाज बाळगून गप्प बसू नका, १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. मुलाला ‘आधी मारणार नाही’ असा शब्द दिला तरच तो त्याच दिवशी सांगेल.

आजार केव्हा म्हणायचे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत १ जानेवारी २०२२ पासून खेळाचा विकार ही नोंद लागू झाली आहे. तिच्यात तासांचा हिशोब नाही, हे मुद्दाम सांगतो. पाहायच्या गोष्टी तीन : खेळावरचा ताबा सुटणे, जेवण, शाळा, काम, मित्र यांच्यापेक्षा खेळ वर चढत जाणे, आणि नुकसान दिसत असतानाही खेळ चालू राहणे किंवा वाढणे. त्यातून शिक्षण, नोकरी, घर यांत ठळक बिघाड झालेला असावा, आणि हे साधारण बारा महिने दिसत असावे. लक्षणे फार तीव्र असतील तर त्याआधीही निदान होऊ शकते. सुट्टीत चार तास खेळणारी, पण हाक मारल्यावर पाणी भरायला उठणारी मुलगी आजारी नाही. रोज दीडच तास खेळणारा, पण त्या दीड तासासाठी कामावरून पळून येणारा माणूस काळजीचा. ‘व्यसनी’ हा शिक्का डॉक्टरांच्या आधी आपण मारू नये. वस्तीतल्या पोरांना असे शिक्के बाहेरून कमी मिळत नाहीत.

मोठ्यांचेही यात येते. दुसऱ्या पाळीवरून रात्री बाराला आलेला सुरक्षारक्षक डोके शांत व्हावे म्हणून एक डाव खेळतो आणि दोन वाजतात. सकाळी मुलगा शाळेत जाताना बाप झोपलेला.

शरीराचे म्हणाल तर सर्वांत मोठे नुकसान झोपेचेच. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास, तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप लागते. परीक्षेतली घसरण, चिडचिड, सकाळचे डोके दुखणे यांचे मूळ बरेचदा तिथे सापडते. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला दुखत असेल तर अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीच्या बाजूला हळूच वाकवून बघा. जोरात कळ आली तर तिथली शीर सुजलेली असू शकते. बाळाला सारखे उचलून बाळंतिणीला होते तेच दुखणे. अंगठ्याला विश्रांती, थंड शेक, आणि दोन आठवड्यांत उतार नसेल तर दवाखाना. डोळे कोरडे पडतात कारण पडद्याकडे बघताना पापणी कमी लवते. दर वीस मिनिटांनी दारातून लांब बघावे. घरात कुणाला फिट येत असेल तर मात्र जास्त सांभाळा. जागरणाने फिट येऊ शकते, आणि काहींना लुकलुकत्या प्रकाशानेही येते. व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्समध्ये तो लखलखाट सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येतो.

थांबवायचे कसे

“बंद कर” म्हटले की उत्तर येते, “थांब ना आई, डाव जाईल.” हे उत्तर शंभर घरांत ऐकू येते आणि ते खरे नाही. बलात्रो बंद केला तरी डाव जपून ठेवला जातो, उद्या तिथूनच सुरू होतो. स्ले द स्पायरमध्ये ‘जपून ठेवा आणि बाहेर पडा’ असे बटणच आहे; फार तर चालू लढाई पहिल्यापासून लढावी लागते. आईला हे माहीत आहे एवढे मुलाला कळले तरी संवाद बदलतो. “जपून ठेव आणि ये” हे वाक्य “फेक तो मोबाईल” पेक्षा कामाचे आहे.

मर्यादा ठरवतानाही खेळाची मोजपट्टी वापरा. ‘एक डाव’ ही मर्यादा नव्हे. एक डाव दहा मिनिटांत संपेल किंवा दीड तास चालेल. पण बलात्रोची एक फेरी काही मिनिटांचीच असते. “तीन फेऱ्या, दुकान आले की बंद” असे ठरवता येते. दुकानाच्या पायरीवर थांबायला थोडे जड जाते, कारण नवा पत्ता तिथेच दिसणार असतो. म्हणून दुकान उघडायच्या आत थांबायची सवय लागली तर उत्तम. हे मुलाने स्वतः ठरवले तर टिकते. आपण फक्त विचारायचे, “आज कुठे थांबणार?”

दहा बाय बाराच्या खोलीत ‘मोबाईल बेडरूममध्ये नेऊ नका’ हा सल्ला हास्यास्पद आहे, आम्ही तो देत नाही. चार्जर कुठे आहे ते बघा. उशीजवळच्या बोर्डाऐवजी तो ओट्याजवळ किंवा दाराशी लावला, आणि रात्री दहानंतर घरातले सगळे फोन, बापाचा रील बघायचा फोनसुद्धा, तिथे लागले, तर अर्धे काम होते. ‘गजर फोनवर आहे’ ही सबब घड्याळाने संपते. अंथरुणात पांघरुणाखालचा डाव हाच सर्वांत लांबतो, तेवढा एक मोडला तरी चालेल. दिवसाच्या खेळाशी लगेच भांडू नका. फोन फोडण्याचे प्रकार आम्ही पाहिले आहेत. अभ्यासाचे व्हिडिओ, भरतीचे अर्ज, बापाच्या कामाचे फोन त्याच यंत्रावर असतात. नुकसान घराचेच होते आणि मुलगा दुसऱ्याच्या फोनवर, दुसऱ्याच्या घरी खेळू लागतो.

एकदा शेजारी बसून खेळ बघा. समजला नाही तरी चालेल. “हा जोकर का घेतलास?” एवढे विचारले तरी मुलगा बोलू लागतो, आणि बोलता बोलता शाळेचे, मित्रांचे, न लागलेल्या नोकरीचे निघते. प्ले स्टोअरवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागेल अशी सोय चालू करून घ्या. घरातल्या कॉलेजच्या मुलीला सांगितले तर पाच मिनिटांचे काम.

एवढे करूनही महिनाभरात रात्री सुटत नसतील, शाळा किंवा काम बुडत असेल, फोन घेतल्यावर मारहाण, जेवण सोडणे किंवा जीव देण्याची भाषा होत असेल, तर थांबू नका. जीव देण्याची भाषा झाली तर महिनाभर वाट बघायची नाही, त्याच दिवशी फोन करा आणि मुलाला एकटे सोडू नका. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे केसपेपर काढून दाखवता येते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून खास मोबाईल, इंटरनेट आणि खेळांच्या अतिवापरासाठी क्लिनिक चालते. दवाखान्यात जाताना मागच्या सात दिवसांत मुलगा किती वाजता झोपला, किती वाजता उठला आणि कोणते जेवण चुकले, एवढे एका कागदावर लिहून न्या. तो कागद मुलालाच लिहायला सांगा.